‘वेळीच थांबायला हवं होतं’ म्हणणाऱ्यांना

बालगंधर्वांची जयंती २६ जूनला आणि पुण्यतिथी १५ जुलैला. या दोन तारखांच्या मधल्या तीनेक आठवड्यांत मराठीत एक जुना वाद हमखास उकरला जातो. एका बाजूचं म्हणणं असं की नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व या स्त्रीभूमिका करणाऱ्या गायक-नटानं पंचेचाळिशीतच शालू घडी करून ठेवायला हवा होता. पुढची वीसेक वर्षं सुटलेल्या शरीरानं ‘स्वयंवर’ची रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’ची सिंधू उभ्या करून त्यांनी स्वतःचं हसं करून घेतलं आणि संगीत नाटकाचंही नाव घालवलं. दुसरी बाजू हे ऐकून कानांवर हात ठेवते. तिच्या लेखी बालगंधर्व देवच होते, आणि देवाला कुठलं आलंय वय? ज्यांना दोष दिसला त्यांची दृष्टी कोती, एवढंच तिचं उत्तर. पहिली बाजू नटाकडे निकालपत्र लिहिणाऱ्या परीक्षकासारखी बघते आणि दुसरी पुजाऱ्यासारखी. हा माणूस नाटकाच्या धंद्यात होता, त्याला पोटं भरायची होती, देणी फेडायची होती, आणि त्याचा गळा हेच त्याचं एकमेव भांडवल होतं, हे दोन्हीकडे कुणी लक्षातच घेत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बालगंधर्वांनी थांबायला हवं होतं, हे मला पटत नाही. उतारवयातले त्यांचे प्रयोग देखणे होते असा माझा दावा नाही. पुष्कळदा ते देखणे नसणारच. पण ज्या वृत्तीसाठी आपण त्यांना डोक्यावर घेऊन नाचलो, तीच वृत्ती त्यांना पुढे साठीपर्यंत रंगमंचावर उभी करत राहिली. तिचा पहिला भाग पाठ्यपुस्तकात घालायचा आणि दुसऱ्याबद्दल हळहळायचं, हा दुटप्पीपणा आहे.

१२ मार्च १९११ घ्या. किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. खाडिलकरांचं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या चाली, आणि नायिका भामिनीच्या भूमिकेत तेवीस वर्षांचेही न झालेले बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांचं पहिलं मूल गेलं आणि तरीही प्रयोग झाला. ही हकिकत मराठी घरांत शंभरेक वर्षं सांगितली जाते, आणि ऐकणारा दर वेळी मान डोलावतो: काय ही निष्ठा! माझ्या मनात मात्र दर वेळी येतो तो प्रश्न निष्ठेचा नसतो. एवढ्या मोठ्या मंडळीत त्या रात्री भामिनी करू शकेल असा दुसरा कुणीच कसा नव्हता? प्रयोग आठवडाभर पुढे ढकलणं इतकं अशक्य का होतं? उत्तर सोपं आहे. तिकिटं विकली गेली होती, भाडं भरलं होतं, आणि सगळा डोलारा एका गळ्यावर उभा होता. नटानं दुःख गिळलं, कारण ते त्यानं गिळल्याखेरीज गाडा हलत नव्हता. तमाशात विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट अशीच सांगतात. फड चालू असताना बाळंतपण झालं आणि बाई पुन्हा बोर्डावर आल्या, हे आपण अंगावर काटा आणून ऐकतो. राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या त्याच विठाबाईंचे शेवटचे दिवस कसे गेले, हे मात्र आपल्याला फारसं आठवत नाही. बाळंतपणाच्या वेणा गिळून, मुलाचं मरण गिळून उभं राहिलेला कलावंत आपल्याला हवा असतो. तोच कलावंत वय गिळून उभा राहिला की मात्र आपल्याला औचित्य आठवतं.

या वादात तरुणांनाही ओढलं जातं, म्हणून त्यांच्यासाठी थोडा इतिहास. जन्म १८८८, पुण्यात. लहानपणी गाणं ऐकून लोकमान्यांनी ‘बालगंधर्व’ म्हटलं, अशी प्रसिद्ध आख्यायिका आहे. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत मिरजेला शकुंतला उभी राहिली. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी निघाली. गाण्याची तालीम भास्करबुवा बखल्यांची, आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ला चालीही त्यांच्याच. १९१९ मध्ये गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर ‘एकच प्याला’ आलं आणि शालूतल्या रुक्मिणीवर लुब्ध झालेल्या प्रेक्षकानं फाटक्या लुगड्यातली सिंधूही तितक्याच आसक्तीनं पाहिली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. समोर नायक धैर्यधर म्हणून केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मालक एका नाटकात. मराठी संगीत रंगभूमीचं शिखर कोणतं असं विचारलं तर बहुतेक जण ही रात्र सांगतील, आणि त्यात चूकही नाही.

आता प्रतिपक्षाचं सगळ्यात बळकट म्हणणं. ते सौंदर्याचं आहे आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. बालगंधर्वांची कला सूचकतेवर उभी नव्हती. त्यांनी प्रेक्षकाला खरेपणाची चटक लावली होती: खरे भरजरी शालू, खरं अत्तर, दागिन्यांचा आणि गालिच्यांचा थाट. चांगल्या घरच्या बायका त्यांची साडी नेसण्याची, गजरा माळण्याची ढब उचलत होत्या. म्हणजे प्रेक्षकाशी करार असा होता की तुम्ही इथे प्रत्यक्ष स्त्रीपेक्षा अधिक स्त्री पाहाल. ज्यानं असा करार केला, त्यानंच तो पुढे मोडला, तर प्रेक्षकानं तक्रार का करू नये? चाळिशी उलटलेलं शरीर, जड झालेला चेहरा आणि तोंडी नववधूची वाक्यं. पहिल्यांदाच नाटकाला आलेल्या मुलाला हसू फुटलं असेल तर त्याला अरसिक ठरवणं हा रसिकतेचा माज झाला. एवढं सगळं मी मान्य करतो.

पण हा करार प्रेक्षकानं तरी कधी पुरता पाळला होता? ‘एकच प्याला’तली सिंधू दारुड्याची बायको, घरात दळणाचे पैसे नाहीत. ती दुःखानं गाऊ लागते आणि साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबला. तबल्यावर तरी कोण? अहमदजान थिरकवाँ! तिच्या नवऱ्याच्या, सुधाकरच्या, उजाड घरात थिरकवाँसाहेब कुठून आले, असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. विचारणार तरी कोण, सगळे ‘वन्समोअर’ घालण्यात गुंतलेले. नाटकाची गाडी मध्येच थांबवून तेच पद तीन-तीनदा गाऊन घेणारा, पहाटेपर्यंत बसून राहणारा, कथानकाचं गणित खुंटीला टांगणारा हाच तो प्रेक्षक. त्याला वास्तवाचं अगत्य होतं असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? संगीत नाटक मुळातच एक समजुतीचा खेळ होता. माणूस गद्यात रडतो आणि रागात हुंदका देतो, ही पहिली समजूत. पुरुष स्त्री होतो, ही दुसरी. या दोन्ही ज्याला पचतात त्याला वयाची तिसरी पचायला जड का जावी?

आणि ती इतरत्र पचते, हे दिसतंच. जपानच्या काबुकीत स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांना ओन्नागाता म्हणतात. तिथले सहावे नाकामुरा उताएमोन उतारवयातही तरुण राजकन्या रंगवत होते आणि देशानं त्यांना १९६८ सालीच ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरवलं होतं. चीनच्या बीजिंग ऑपेरातले मेई लानफांग हे बालगंधर्वांपेक्षा सहा वर्षांनी लहान, म्हणजे जवळपास समकालीनच. जपान्यांच्या ताब्यातल्या काळात त्यांनी मिशा वाढवल्या, म्हणजे कुणी स्त्रीभूमिका करायला लावू नये. युद्ध संपल्यावर त्या काढल्या आणि पुन्हा रंगमंचावर आले. १९५९ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, त्यांनी एका रणरागिणी सेनापतीची भूमिका नव्यानं बसवली. कुणी म्हणेल, तिथला रंगलेला चेहरा, ठरीव हातवारे, सगळंच संकेतांनी बांधलेलं, आपलं तसं नव्हतं. बरोबर आहे, आणि तुलनेला इथे मर्यादा पडते हेही खरं. पण आणखी एक फरक आहे, तो मेकअपपेक्षा मोठा आहे. त्या दोघांच्या मागे संस्था होत्या. उताएमोन नाट्यघराण्याच्या छत्राखाली होते आणि मेई सरकारी संस्थेचे प्रमुख होते. बालगंधर्वांच्या मागे कोण होतं? घेणेकरी.

ज्या वर्षांत ते ‘उतरले’ असं आपण म्हणतो, ती वर्षं नीट तपासली तर नटाच्या चेहऱ्याआधी प्रेक्षकाचा डोळा बदललेला दिसतो. मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्यात तारामती झालेल्या दुर्गा खोटे चांगल्या घरातल्या, शिकलेल्या, आणि खऱ्याखुऱ्या स्त्री. हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबे, म्हणजे गंधर्व मंडळीच्या तीन संस्थापकांपैकी एक! १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेचं ‘आंधळ्यांची शाळा’ आलं आणि ज्योत्स्ना भोळे, पद्माबाई वर्तक यांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या. बालगंधर्व तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. समजा चमत्कार झाला असता आणि त्यांचं शरीर पंचविशीचंच राहिलं असतं, तरी काय फरक पडला असता? पडद्यावर हातभर अंतरावरून दिसणारा बाईचा चेहरा बघून आलेल्या माणसाला पंचविशीतला पुरुषही पुरुषच दिसला असता. शिवाय सिनेमाचं तिकीट स्वस्त, खेळ अडीच-तीन तासांत आटोपणारा, आणि नाटकगृहांचे मालक भाड्यासाठी पडदे लावायला उतावीळ. याच सुमारास एकेक संगीत मंडळी बंद पडली. सगळ्याच मंडळ्यांचे नायक एकाच वेळी म्हातारे झाले होते की काय? वयाचा मुद्दा एवढा पुढे केला की बाजाराचा मुद्दा आपोआप मागे पडतो. तो मागे पडणं कुणाच्या सोयीचं असतं, हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तोही खरा आहे. कर्ज बालगंधर्वांनीच केलं. टेंबे लवकर बाहेर पडले, मग बोडसही गेले, आणि हिशेबाला हात घालील असं मालकीत कुणी उरलं नाही. १९२१ च्या सुमारास, कीर्तीच्या माथ्यावर असताना, मंडळीच्या डोक्यावर लाखांच्या घरातलं कर्ज होतं. ते नाटकं करकरून फेडलं गेलं आणि पुढे पुन्हा वाढलं. नादारी जाहीर करून मोकळं व्हायचा रस्ता त्यांनी नाकारला, असं सांगितलं जातं, आणि भक्तमंडळी ते ऐकून गहिवरतात. मला त्यात गहिवरण्यासारखं फारसं दिसत नाही. एकाच्या थाटासाठी काढलेल्या कर्जाचा भार त्या मंडळीच्या पंगतीत जेवणाऱ्या नटांवर, साथीदारांवर, आचाऱ्यावर, पडदे ओढणाऱ्यांवर पडतो. मालक म्हणून बालगंधर्व अजाण होते, आणि अजाणपण हा गुण नव्हे.

पण हा आक्षेप नीट पुढे न्या, म्हणजे तो कुठे जाऊन पोचतो ते दिसेल. कर्ज त्यांचंच होतं, म्हणून फेडणंही त्यांच्याच माथी आलं. कशाच्या जोरावर फेडायचं? शेती नव्हती, पेढी नव्हती, पेन्शन नव्हती. तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकांवर एवढा डोलारा तोलणं अशक्य होतं. एकच वस्तू विकण्यासारखी होती, रंगमंचावरचं गाणं. त्यांनी दुसरी वाट धरूनही पाहिली. १९३५ मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’मध्ये ते संत एकनाथ झाले. (चित्रपटाचं नाव आधी ‘महात्मा’ होतं. सेन्सॉरला त्यात गांधींची सावली दिसली आणि नाव बदलावं लागलं.) म्हणजे स्त्रीभूमिका सोडून पुरुषभूमिकेत, आणि रंगभूमी सोडून पडद्यावर, असे दोन्ही बदल ‘थांबा’ म्हणणाऱ्यांच्या मनाजोगे करून झाले होते. मग लोकांनी काय केलं? एकनाथांसाठी कोण त्यांना आठवतं? कॅमेऱ्यासमोर पद तुकड्यातुकड्यांत गायचं, समोर दाद देणारं कुणी नाही, आणि ‘वन्समोअर’ म्हणणाराही कुणी नाही. ते त्या दुनियेत रमले नाहीत आणि परत नाटकात आले. परत आले म्हणून आता आपण रागावतो.

इथे कुणी जयशंकर सुंदरींचं नाव घेईल, आणि घ्यावंच. गुजराती रंगभूमीवरचे हे स्त्रीभूमिकांचे बादशहा बालगंधर्वांहून एकाच वर्षानं लहान. १९३२ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी रंगमंच सोडला आणि विसनगरला आपल्या गावी जाऊन राहिले. बऱ्याच वर्षांनी अहमदाबादला नटमंडळात दिग्दर्शक म्हणून परतले आणि तिथंही नाव कमावलं. आमच्याकडेही भाऊराव कोल्हटकर होतेच. सुभद्रा, शकुंतला गाजवून शेवटच्या काळात ते पुरुषभूमिकांकडे वळले. मास्टर दीनानाथांनी स्त्रीभूमिका केल्या आणि धैर्यधरही केला. मग नारायणरावांनाच काय झालं होतं? हा प्रश्न मला या वादातला सर्वांत अवघड वाटतो, आणि त्याचं पूर्ण समाधान होईल असं उत्तर माझ्यापाशी नाही. काही अंशी तरी हा त्यांच्या स्वभावाचा हट्ट होता. पण सुंदरींची थोरवी मुख्यतः अभिनयात होती, आणि अभिनयाची जाण दिग्दर्शनात उतरवता येते. बालगंधर्वांची थोरवी गळ्यात होती, शब्दावर स्वर ठेवण्याच्या त्या एका रीतीत. ती दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. भाऊराव आणि दीनानाथ बदलू शकले ते प्रेक्षकानं बदलू दिलं म्हणून. बालगंधर्वांना मराठी माणसानं रुक्मिणी, भामिनी आणि सिंधू यांच्यातच कोंडून घेतलं होतं. आणि आणखी एक, जरा कडू गोष्ट. भाऊराव अडतिशीच्या आत गेले, केशवराव भोसले ‘संयुक्त मानापमान’नंतर तीनच महिन्यांत वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेले, दीनानाथ एकेचाळिसाव्या वर्षी, तेही त्यांच्या बलवंत नाटक मंडळीच्या पडझडीनंतर आणि सिनेमातल्या खोटीनंतर. त्यांना ‘थांबा’ म्हणायची पाळीच आली नाही. कलावंत वेळेवर मेला म्हणजे आपली रसिकता सुरक्षित राहते. बालगंधर्व एकोणऐंशी वर्षं जगले, हाच खरा अपराध झाला की काय?

स्त्रियांच्या जागेचा आक्षेप अलीकडचा आहे आणि तो मला सौंदर्याच्या आक्षेपापेक्षा जास्त गंभीर वाटतो. एक पुरुष आदर्श स्त्री म्हणून मिरवत राहिला आणि त्याच्या तेजापुढे खऱ्या अभिनेत्रींची वाट अडली. आदर्श स्त्री कशी बोलते, कशी लाजते, कशी सोसते, हेही पुरुषानंच ठरवलं. दुसऱ्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. सिंधूचं सोसणं इतकं गोड वाटण्यात त्या गळ्याचा मोठा हात आहे, आणि त्यानं समाजाचं काय केलं हा वेगळा लेख होईल. पहिलं वाक्य मात्र पुराव्याला टिकत नाही. कमलाबाई गोखले लहानपणापासून रंगभूमीवर होत्या, १९१३ मध्ये फाळक्यांच्या चित्रपटातही आल्या, आणि पुरुषभूमिकाही करत. १९३० च्या आसपास हिराबाई बडोदेकरांनी भावंडांना घेऊन नाटक मंडळी चालवली. स्त्रियांना अडवत होती ती ‘घरंदाज’पणाची भिंत, आणि ती बालगंधर्वांच्या जन्माआधीची आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं तेव्हाही शकुंतला पुरुषच होती. उलट ज्या वर्षांत त्यांनी थांबायला हवं होतं म्हणतात, त्याच वर्षांत त्यांनी आपल्यासोबत रंगमंचावर स्त्रिया घेतल्या. गोहरबाई कर्नाटकी आल्या आणि स्त्रीभूमिका करू लागल्या.

तेव्हा महाराष्ट्रानं काय केलं? आनंदानं म्हटलं का, की चला, अखेर खरी स्त्री आली? छे. गोहरबाई मुसलमान, कानडी मुलखातल्या, गाणाऱ्यांच्या घरातल्या. त्यांनी नारायणरावांना नादी लावलं, लुबाडलं, मंडळी बुडवली, असा कंठशोष सुरू झाला. मंडळी १९३४ च्या सुमारासच बुडाली होती आणि बाई त्यानंतर आल्या, ही साधी कालगणनाही कुणी तपासली नाही. शालूतला पुरुष नको, त्याच्या जागी आलेली बाईही नको. मग हवं तरी काय होतं? मला वाटतं, हवं होतं १९२१ साल, पुन्हा पुन्हा, तिकीट काढून.

आता त्या बदनाम वीस वर्षांत झालं काय, तेही बघू. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा. मुंबईला देवधर मास्तरांकडे ते गाणं शिकायला आले तेव्हा गंधर्व मंडळीचं वैभव संपलेलं होतं. म्हणजे जाणत्या वयात त्यांनी समोर बसून जे बालगंधर्व ऐकले असतील, ते या उतारकाळातलेच. त्याच कुमारांनी पुढे ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम उभा केला आणि नाट्यपदाकडे शास्त्रीय गवयाच्या नजरेनं पुन्हा पाहायला लावलं. प्रमिला जाधव ही मुलगी चाळिशीच्या दशकात बालगंधर्वांसोबत रंगमंचावर उभी राहून ती गायकी शिकली. तीच पुढे जयमाला शिलेदार. जयराम शिलेदारांसह तिनं १९४९ मध्ये ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली आणि संगीत नाटकाला वाली उरला नव्हता त्या काळात ती चालवली. कन्या कीर्ती शिलेदार २०२२ मध्ये गेल्या, तोवर हा धागा अखंड होता. बालगंधर्व १९३३ साली शहाण्यासारखे घरी बसले असते, तर जयमालाबाई कुणाशेजारी उभ्या राहून शिकल्या असत्या? ध्वनिमुद्रिकेवरून चाल मिळते. श्वास कुठे घ्यायचा, प्रेक्षकाकडे बघायचं की सहनटाकडे, ओळीचा शेवट सोडून द्यायचा की धरून ठेवायचा, हे कशावरून मिळणार? पाय गेल्यावर ते बसून भजनं गात. त्या बैठकीत शालू नव्हता, अत्तर नव्हतं, नुसता सूर होता. ज्यांना रूपाचंच वेड होतं ते घरी गेले, हे बरंच झालं म्हणायचं.

शास्त्रीय गायकाला आपण हा प्रश्न विचारत नाही, हेही बघण्यासारखं आहे. गंगूबाई हनगल थकलेल्या आवाजात गायल्या तेव्हा आपण उभं राहून टाळ्या वाजवल्या. भीमसेन जोशी आजारी शरीरानं सवाई गंधर्वच्या स्वरमंचावर बसले तेव्हा डोळे पुसले. तिथं वय म्हणजे तपश्चर्या. नट-गायकाचं वय मात्र फजिती, कारण तो उभा राहून, नटून गातो. त्याला गाण्यासाठी गवयाची कसोटी, दिसण्यासाठी सिनेमाची कसोटी, आणि मिळकतीच्या बाबतीत कुठलीच कसोटी नाही. सन्मान आले, नाही असं नाही. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५५ मध्ये, पद्मभूषण १९६४ मध्ये, गोहरबाई गेल्या त्याच वर्षी. मंडळी बुडाल्यापासून पहिल्या सन्मानापर्यंत वीस वर्षं गेली. त्या वीस वर्षांत घर कशावर चालायला हवं होतं, हे ‘वेळीच थांबा’वाल्यांनी एकदा कागदावर मांडून दाखवावं.

पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर उभं राहिलं. १९६२ मध्ये पायाभरणी खुद्द त्यांच्या हातून झाली आणि २६ जून १९६८ रोजी, ते गेल्यानंतरच्या पहिल्याच जयंतीला, ते सुरू झालं. ती वास्तू पाडून नवी बांधायची की आहे तीच जपायची, यावर गेली काही वर्षं जोरात भांडणं होतात, आणि वास्तूविषयी भांडायला माझी ना नाही. पण त्या वास्तूत संगीत नाटकाचा प्रयोग वर्षाकाठी कितीदा होतो, त्या प्रयोगात गाणाऱ्याला नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, किती मिळते, आणि आजारी पडला तर त्याचं काय, यावर तितक्याच जोरात कुणी भांडल्याचं दिसत नाही. शासनाची संगीत नाट्यस्पर्धा भरते. विशी-पंचविशीतली मुलंमुली जीव तोडून ‘स्वयंवर’मधली पदं बसवतात, बक्षिसं घेतात, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत, शाळेत, कारखान्यात कामावर जातात. त्यांच्यापैकी कुणी केवळ संगीत नाटकाच्या मिळकतीवर साठीपर्यंत टिकलं, तर ‘आता पुरे करा’ असं त्याला सांगायला आपण मोकळे आहोत. सध्या तरी ती संधी कुणी आपल्याला देईल असं दिसत नाही.